होमी भाभा: ‘बालवैज्ञानिक’ची मुलं आणि त्यांचे आईबाबा मला नेहमी विचारतात ते प्रश्न

शाळा सुरू झाल्या की पहिल्या पंधरा दिवसांतच आमच्या मुलुंडच्या घरी पालकांची ये-जा सुरू होते, डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचं काय, फॉर्म कधी, लेखीला काय येतं, प्रात्यक्षिकाची तयारी कशी करून घ्यायची. सहावी आणि नववीच्या मुलांना मी बरीच वर्षं हॉलमधे सतरंजी टाकून शिकवतेय. ‘होमी भाभाला बसवलंय’, ‘होमी भाभात सिल्व्हर मिळालं’ असं घराघरात बोललं जातं, पण ज्या माणसाच्या नावाने मेडल मिळतं तो कोण असं विचारलं की मोठी माणसंसुद्धा दोनच गोष्टी सांगतात, अणुबॉम्ब आणि विमान अपघात. मला याचं खरंच वाईट वाटतं. कारण भाभा आधी थिअरॉटिकल फिजिसिस्ट होते, कागद-पेन्सिल घेऊन गणितं करणारे, आणि त्यांची गणितं आजही जगातल्या मोठ्या प्रयोगांमधे रोज वापरली जातात. तेच तेच प्रश्न तोंडी सांगून झाले, आता एकदा नीट लिहून ठेवते.

भाभा नक्की कोणते सायंटिस्ट होते? केमिस्ट्री, इंजिनिअरिंग की अणू?

थिअरॉटिकल फिजिक्स. म्हणजे स्वतः यंत्र जोडून मोजमाप करण्यापेक्षा, निसर्ग असा वागत असेल तर मोजमाप काय यायला हवं हे गणिताने काढणारे. त्यांचा खास विषय कॉस्मिक रेज, अवकाशातून पृथ्वीवर सतत पडणारे वेगवान कण. अणुऊर्जा, ट्रॉम्बे, तारापूर हे सगळं नंतरचं.

ते मुंबईचेच ना?

हो, पक्के मुंबईकर. जन्म ३० ऑक्टोबर १९०९, पारशी घर. वडील जहांगीर भाभा, वकील, टाटांच्या कंपन्यांशी जोडलेले. सख्खी आत्या मेहरबाई, म्हणजे सर दोराबजी टाटांची बायको. शाळा फोर्टमधली कॅथेड्रल अँड जॉन कॉनन, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. घरात पुस्तकं, पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड्स, चित्रं यांची रेलचेल. श्रीमंती होतीच, ती लपवून उपयोग नाही, आणि मुलांनाही मी ते सांगते, नाहीतर मुलांना वाटतं सगळे शास्त्रज्ञ रस्त्याच्या दिव्याखालीच शिकले.

इंजिनिअर व्हायला गेले होते असं ऐकलं, मग फिजिक्सकडे कसे वळले?

हा प्रश्न मुलं कमी आणि आईबाबा जास्त विचारतात, आणि विचारताना आवाज थोडा खाली येतो!

१९२७ मधे भाभा केंब्रिजला गेले, गॉनव्हिल अँड कीज कॉलेजमधे, मेकॅनिकल इंजिनिअरिंगला. घरच्यांचा प्लॅन सरळ होता, मुलगा शिकून येईल आणि जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात मोठ्या पदावर बसेल. वर्षभरातच, १९२८ मधे, मुलाने वडिलांना पत्र लिहिलं की धंदा किंवा इंजिनिअरची नोकरी हे माझं काम नाही, माझ्या स्वभावात ते बसत नाही, फिजिक्स हीच माझी लाइन आहे. अठरा वर्षांचा मुलगा. आणि पत्रात नुसता हट्ट नव्हता, मला मोठा माणूस किंवा कुठल्या कंपनीचा मुख्य व्हायचं नाहीये, तशी आवड असणारे पुष्कळ आहेत, ते करतील, असं त्याने समजावून लिहिलं होतं.

वडिलांनी काय केलं ते महत्त्वाचं. ओरडले नाहीत आणि लगेच होही म्हणाले नाहीत. सांगितलं, आधी इंजिनिअरिंगचा ट्रायपॉस, म्हणजे केंब्रिजची पदवी परीक्षा, फर्स्ट क्लासमधे पास हो, मग तुला गणितासाठी तिथेच ठेवायचा खर्च मी करतो. १९३० मधे मुलाने फर्स्ट क्लास आणला, वडिलांनी शब्द पाळला, आणि १९३२ मधे गणिताच्या ट्रायपॉसमधे पुन्हा फर्स्ट क्लास. मला या सगळ्या गोष्टीत वडील फार आवडतात. जेईईच्या क्लासची अ‍ॅडव्हान्स फी भरून माझ्याकडे येणाऱ्या बाबांना मी हे आवर्जून सांगते, आणि काही जण घरी जाऊन मुलाशी बोलतातही.

केंब्रिजला त्यांचे सर कोण होते?

पीएचडीचे गाइड राल्फ फाउलर, पदवी १९३५ ची. पण खरी गंमत म्हणजे तो काळच तसला होता. डिरॅक तिथेच होते, इलेक्ट्रॉनचं ते प्रसिद्ध समीकरण मांडून थोडीच वर्षं झालेली. १९३२ या एका वर्षात कॅव्हेंडिश लॅबमधे चॅडविकनी न्यूट्रॉन शोधला, तिथेच कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टननी अणूचं केंद्रक फोडलं, आणि तिकडे अमेरिकेत अँडरसनना पॉझिट्रॉन सापडला. म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच, पण उलट्या चार्जचा कण. तेवीस वर्षांच्या पोराला याहून चांगली जागा कुठली मिळणार. भाभांचा पहिला पेपर १९३३ चा, जर्मन जर्नलमधे, कॉस्मिक रेज कशा शोषल्या जातात त्यावर. मधल्या काळात स्कॉलरशिपवर झुरिकला पाउलींकडे आणि रोमला फर्मींकडेही राहून आले.

भाभा स्कॅटरिंग म्हणजे काय? आठवीच्या मुलाला कळेल असं सांगा.

प्रयत्न करते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समोरासमोर आले आणि टक्कर होऊन परत एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन बाहेर पडला. आता आत काय झालं असेल? एक शक्यता, दोघं एकमेकांना ढकलून नुसते दिशा बदलून गेले. दुसरी शक्यता अशी की दोघं भेटले तेव्हा एकमेकांना संपवून टाकलं, उरली नुसती ऊर्जा, आणि त्या ऊर्जेतून नवीनच इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्माला आली. बाहेर उभं राहून बघणाऱ्याला ही जुनीच जोडी की नवी हे कधीच सांगता येत नाही, कारण सगळे इलेक्ट्रॉन अगदी हुबेहूब असतात, दादरच्या ब्रिजवरच्या गर्दीत निदान शर्टाच्या रंगावरून माणूस ओळखता येतो, इथे तेही नाही.

क्वांटम मेकॅनिक्स म्हणतं की जेव्हा फरक करताच येत नाही तेव्हा दोन्ही शक्यता एकत्र धरूनच हिशोब करायचा. त्या काळात पॉझिट्रॉनबद्दलच लोकांची समजूत कच्ची होती, हा हिशोब इथे लावायचा की नाही यावरच शंका होती. भाभांनी तो लावला, टक्कर झाल्यावर कण कुठल्या कोनात किती वेळा जातील याचं सूत्र काढलं, १९३६ मधे रॉयल सोसायटीच्या जर्नलमधे ते छापून आलं. नंतर प्रयोगांनी ते बरोबर ठरलं आणि त्या टकरीला नावच पडलं, भाभा स्कॅटरिंग.

बरं, पण त्याचा आज उपयोग काय?

सर्न म्हणजे जिनिव्हाजवळची युरोपातली मोठी कण-प्रयोगशाळा, तिथे २७ किलोमीटरच्या बोगद्यात १९८९ ते २००० लेप नावाचं मशीन चालायचं, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवणारं. अशा मशीनमधे पहिला प्रश्न असतो की एकूण टकरा झाल्या किती, ते कळल्याशिवाय बाकीची कुठलीच मोजणी धरता येत नाही. मग करायचं काय, तर जी गोष्ट गणिताने अगदी पक्की माहीत आहे ती मोजायची आणि त्यावरून बाकीचा अंदाज बांधायचा. ती पक्की गोष्ट म्हणजे भाभा स्कॅटरिंग. बीमच्या अगदी जवळ, छोट्या कोनात डिटेक्टर लावून ‘भाभा’ मोजत बसायचे, तिथले लोक बोलतानाही असंच बोलतात, आज इतके भाभा आले. जगातली इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची मशीन्स हीच पद्धत वापरतात. लेपवरच्या एल-थ्री नावाच्या प्रयोगात आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरची, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चची टीमसुद्धा होती. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगावर काटा आला होता, भाभांनी उभ्या केलेल्या संस्थेतली माणसं जिनिव्हात जाऊन भाभांच्या टकरा मोजतायत!

कॉस्मिक रे शॉवर हा काय प्रकार?

हे त्यांचं दुसरं मोठं काम, १९३७ चं, वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर. हाइटलर जर्मनीतून बाहेर पडून तेव्हा ब्रिस्टलला आलेले.

प्रयोगात असं दिसत होतं की कधीकधी डिटेक्टरमधे एकाच वेळी कणांची सर कोसळते. एवढे कण एकदम येतात कुठून? भाभा-हाइटलर म्हणाले, नवीन काही शोधायची गरज नाही, माहीत असलेले नियमच एकामागून एक लावत जा. मी मुलांना सुट्ट्या पैशांवरून समजावते. पाचशेची नोट घेऊन निघालात, पहिल्या दुकानात तिचे अडीचशे-अडीचशे झाले, पुढे त्यांचे सव्वाशे-सव्वाशे, असं प्रत्येक दुकानात फुटत गेलं तर नोटा-नाणी वाढत जातात पण एकूण पैसे तेवढेच. इथे पैसे म्हणजे ऊर्जा. वेगवान इलेक्ट्रॉन हवेतल्या अणूजवळून जाताना ऊर्जेचा एक भाग गॅमा किरण म्हणून सोडतो, तो गॅमा पुढे जाऊन इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी बनवतो, ते दोघं परत गॅमा सोडतात, दोनाचे चार, चाराचे आठ. शेवटी प्रत्येकाकडे इतकी चिल्लर उरते की पुढे फुटायला काही नसतं, मग सर ओसरते. किती खोलीवर किती कण असतील याचा हिशोब त्यांनी मांडला आणि तो मोजमापाशी जुळला. त्याच वर्षी अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर यांनीही स्वतंत्रपणे हेच काम केलं, ते सांगायलाच हवं. प्रोजेक्टच्या मुलाखतीत मुलांनी दोन्ही नावं घ्यावीत असा माझा आग्रह असतो.

म्युऑन आणि घड्याळाची गोष्ट सांगा ना, माझी मुलगी घरी सारखी तेच बोलते.

ती माझीही सगळ्यात लाडकी. म्युऑन हा इलेक्ट्रॉनचा जाडजूड भाऊ, सुमारे दोनशे सात पट जड. तो स्वस्थ बसला असेल तर सरासरी २.२ मायक्रोसेकंदात मरतो, म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोनच. प्रकाशाच्या वेगाने पळाला तरी तेवढ्यात तो किती जाईल? ६६० मीटर. चर्चगेटहून निघाला तर मरीन लाइन्सच्या निम्म्यावरच संपला.

पण हे म्युऑन तयार होतात डोक्यावर साधारण १५ किलोमीटर उंचीवर. म्हणजे चर्चगेट ते बांद्रा समजा. निम्म्या स्टेशनात मरणारा बांद्र्याला पोचतोच कसा? आणि पोचतात, भरपूर पोचतात, तुमच्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक जातो, आत्ता वाचतानाही.

उत्तर आइनस्टाइनच्या सापेक्षतेत आहे, खूप वेगात पळणाऱ्याचं घड्याळ आपल्याला हळू चाललेलं दिसतं. म्युऑनच्या स्वतःच्या घड्याळात दोन मायक्रोसेकंदच झालेले असतात, आपल्या घड्याळात त्याच्या कितीतरी पट. १९३८ मधे, म्हणजे हा जड कण सापडून जेमतेम वर्ष झालेलं असताना, भाभांनी ‘नेचर’मधल्या एका छोट्या टिपणात लिहिलं की असा कण आपोआप मरत असेल तर त्याच्याकडे घड्याळ म्हणून बघता येईल आणि सापेक्षतेमुळे पळत असताना तो उशिरा मरेल. १९४१ मधे रोसी आणि हॉल यांनी डोंगरावर आणि खाली म्युऑन मोजून हे खरं असल्याचं दाखवलं. आज कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापेक्षतेचा पुरावा म्हणून हेच उदाहरण असतं, पण त्याखाली भाभांचं नाव क्वचित दिसतं. ते असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

‘मेसॉन’ हे नाव त्यांनी दिलं हे खरं का?

हो, मांडणी त्यांची. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनच्या मधल्या वजनाच्या कणाला आधी ‘मेसोट्रॉन’ म्हणत. १९३९ मधे भाभांनी लिहिलं की मधला या अर्थाचा ग्रीक शब्द ‘मेसो’, त्यात ‘ट्र’ येतच नाही, इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉनमधला ‘ट्र’ त्यांच्या मूळ शब्दातला आहे, मग इथे कशाला घुसवायचा. मेसॉन पुरे. तेच टिकलं.

एवढं सगळं केलं तर नोबेल का नाही?

नॉमिनेशन एकदा नाही, अनेकदा झालं, मिळालं नाही. रॉयल सोसायटीचे फेलो मात्र १९४१ मधेच झाले, वयाच्या ३१ व्या वर्षी, आणि १९४२ मधे केंब्रिजचं अ‍ॅडम्स प्राइज मिळालं.

परत भारतात का आले? देशप्रेम म्हणून?

आले होते सुट्टीवर! १९३९ मधे मुंबईला घरी आले आणि सप्टेंबरमधे युरोपात महायुद्ध पेटलं, परत जाता येईना. मग बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधे रीडर म्हणून लागले, तिथे फिजिक्समधे सी. व्ही. रामन होते. दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून कॉस्मिक रे युनिट काढलं. तरुण विक्रम साराभाईही तेव्हा तिथेच काम करत होते.

देशप्रेम नव्हतं असं मी म्हणत नाहीये, पण ते आधीच ठरवून बोटीत बसले होते असं नाही, ते इथे राहता राहता घडलं. युद्ध संपल्यावर चांगल्या खुर्च्या तिकडे मिळाल्या असत्या. त्यांनी विचार केला की इथेच तशी जागा का नसावी. मला हे आधीपासून ठरवलेल्या त्यागापेक्षा जास्त खरं आणि जास्त मोठं वाटतं.

टीआयएफआर कशी सुरू झाली?

१२ मार्च १९४४ ला भाभांनी दोराबजी टाटा ट्रस्टचे चेअरमन सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिलं की देशात मूलभूत फिजिक्सची एक अव्वल शाळा हवी. त्यात त्यांनी असंही म्हटलं की एक-दोन दशकांत अणुऊर्जेपासून वीज बनायला लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागणार नाहीत, ते घरातच तयार असतील. तारीख लक्षात घ्या, हिरोशिमाच्या जवळजवळ दीड वर्ष आधीची.

१ जून १९४५ ला बंगळुरूमधे काम सुरू झालं आणि त्याच वर्षी संस्था मुंबईत आली, पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ नावाच्या बंगल्यात. बंगला नात्यातलाच, आणि भाभांचा जन्मही त्याच घरातला. १९४९ मधे गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत, आणि मग कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरच्या पुढे, समुद्राला लागून आजची जागा. नेहरूंनी १९५४ मधे पायाभरणी केली आणि १९६२ च्या जानेवारीत उद्घाटन.

माणसं निवडण्यात भाभांची नजर विलक्षण होती. आधी माणूस शोधायचा, मग त्याच्याभोवती विभाग उभा करायचा, असा त्यांचा नियम. गणितात के. चंद्रशेखरन, रेडिओ खगोलशास्त्रात गोविंद स्वरूप, जीवशास्त्रात ओबैद सिद्दीकी. आपले दामोदर धर्मानंद कोसंबी सुरुवातीपासून तिथे गणितात होते, पुण्याहून डेक्कन क्वीनने रोज ये-जा करायचे, १९६२ पर्यंत. बाळ उदगावकरही तिथलेच, थिअरॉटिकल फिजिक्समधले, मराठीतून विज्ञान पोचवण्यासाठी आयुष्यभर झटलेले. देशातल्या पहिल्या कॉम्प्युटरांपैकी एक, टिफ्रॅक, याच संस्थेत बनला, १९६० मधे चालू झाला.

ट्रॉम्बेला काय केलं?

अणुऊर्जा आयोग १० ऑगस्ट १९४८ ला स्थापन झाला, भाभा पहिले अध्यक्ष. ट्रॉम्बेचं केंद्र १९५४ पासून. आणि ४ ऑगस्ट १९५६ ला ‘अप्सरा’ चालू झाली, सोव्हिएत रशिया सोडला तर आशियातली पहिली अणुभट्टी. इंधन ब्रिटनहून आलं पण बाकी डिझाइन आणि बांधणी इथल्याच इंजिनिअर्सची. ही स्विमिंग पूल टाइप भट्टी, म्हणजे गाभा पाण्याच्या खोल टाकीत बुडवलेला, आणि चालू असताना त्या पाण्यात निळा उजेड दिसतो. पाण्यात प्रकाशाचा जो वेग असतो त्यापेक्षा इलेक्ट्रॉन वेगात गेला की तो उजेड पडतो. नेहरूंनी तो बघून अप्सरा नाव दिलं. भाभांच्या मृत्यूनंतर, १९६७ मधे, केंद्राला त्यांचं नाव दिलं, तेच आपलं बीएआरसी.

थोरियमपासून अणुवीज बनवायचा तीन टप्प्यांचा प्लॅनही त्यांचाच, आपल्याकडे युरेनियम थोडं पण केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम भरपूर, म्हणून.

आणखी एक, परळच्या टाटा मेमोरियलमधे पेशंटबरोबर गेलेले लोक पाटी वाचून विचारतात, कॅन्सरचं हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे कसं? ते १९६२ मधे त्या खात्याकडे आलं. रेडिएशनने उपचार करायचे तर अणुविज्ञान आणि डॉक्टर एका छताखाली हवेत, हा विचार. माझ्या आईची रेडिएशन तिथे झाली होती, तेव्हा बाकावर बसून मी हे तिला सांगितलं होतं.

म्हणजे अणुबॉम्ब त्यांनी बनवला नाही?

नाही. पोखरणची पहिली चाचणी १८ मे १९७४ ची, भाभा जाऊन आठ वर्षं झाली होती. त्यांनी तयार केलेल्या संस्था आणि माणसं त्यामागे होती हे खरं. चीनने १६ ऑक्टोबर १९६४ ला चाचणी केली आणि आठ दिवसांनी भाभा आकाशवाणीवर बोलले, त्यात बॉम्बच्या खर्चाचा हिशोबही मांडला आणि जगाने शस्त्रं कमी करावीत असंही म्हटलं. पण मुलांनी पेपरमधे ‘अणुबॉम्बचे जनक’ एवढंच लिहिलं की मी लाल पेनने खाली लिहिते, ‘आणि भाभा स्कॅटरिंग?’

त्यांच्यावर टीका होत नव्हती का?

होत होती, आणि ती मुलांपासून लपवू नये. मेघनाद साहा यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की सगळा पैसा आणि अधिकार एका ठिकाणी, एका माणसाच्या हातात एकवटू नये, विद्यापीठांनाही बळ मिळावं. आज विद्यापीठांच्या लॅब बघितल्या की मला साहांचं म्हणणं पटतं. भाभांचे अंदाजही काही चुकले. १९५५ मधे जिनिव्हाच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून ते म्हणाले होते की वीस वर्षांत फ्यूजनची, म्हणजे हलक्या अणूंची केंद्रकं जोडून मिळणारी ऊर्जा काबूत आणायची रीत सापडेल, ती अजून घरोघरी आलेली नाही, आणि आपल्या विजेत अणूचा वाटा आजही ३ टक्क्यांच्या आसपासच आहे. हे सगळं मान्य करूनही माझा त्यांच्याबद्दलचा आदर कणभर कमी होत नाही.

चित्रंही काढायचे?

आणि उत्तम काढायचे. केंब्रिजला असताना ऑपेराच्या नेपथ्याचं डिझाइन केलेलं, माणसांची स्केचेस तर खूप. रामन यांनी एका सभेत ओळख करून देताना त्यांना आजचा लिओनार्दो दा विंची म्हटलं होतं. टीआयएफआरसाठी त्यांनी तेव्हाच्या तरुण मुंबईकर चित्रकारांची चित्रं घेतली, आत शिरलं की समोर एम. एफ. हुसेन यांचं भिंतभर ‘भारत भाग्यविधाता’. झाडांचं भयंकर वेड. बांधकामाच्या आड झाड आलं तर कापायचं नाही, उचलून दुसरीकडे लावायचं. लग्न केलं नाही.

विमान अपघात की घातपात?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न, आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा एखादा व्हिडिओ बघितलेला असतो.

जे नोंदलं गेलंय ते असं. २४ जानेवारी १९६६, एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७, मुंबईहून दिल्ली, बैरुत करत जिनिव्हाला उतरणार होतं. भाभा व्हिएन्नाच्या मीटिंगला निघाले होते. आल्प्समधल्या मोंब्लाँ डोंगराच्या माथ्याजवळ विमान आदळलं, ११७ माणसं होती, कोणी वाचलं नाही. चौकशीत निघालं की दिशा दाखवणारं एक उपकरण बंद होतं, आपण डोंगर ओलांडला असा पायलटचा समज झाला, कंट्रोलरने चूक सुधारायचा प्रयत्न केला पण बोलण्यात गैरसमज झाला आणि विमान खाली यायला लागलं. १९५० मधे एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ याच डोंगरावर आपटून ४८ जण गेले होते, म्हणजे जागाच तशी.

लोकांना संशय का येतो ते मी समजू शकते. शास्त्रीजी ताश्कंदला ११ जानेवारीला गेले, तेरा दिवसांनी भाभा, आणि त्याच दिवशी इंदिरा गांधींचा शपथविधी. पण घातपाताचा धड पुरावा आजवर पुढे आलेला नाही, आणि ज्या माणसाने आयुष्यभर पुराव्यावर काम केलं त्याच्या मृत्यूबद्दल बिनपुराव्याचं फॉरवर्ड करणं मला पटत नाही. त्याच डोंगरावरची बोसाँ हिमनदी वितळतेय तशा त्या विमानातल्या वस्तू अजूनही वर येतात. २०१२ मधे भारताची डिप्लोमॅटिक टपालाची बॅग सापडली, २०२० मधे त्या काळातली भारतीय वर्तमानपत्रं.

ते ५६ वर्षांचे होते.

बांद्र्याचं भाभा हॉस्पिटल त्यांच्याच नावाचं ना?

नाही, ते के. बी. भाभा, वेगळे. कुलाब्याचा डॉ. होमी भाभा रोड, बीएआरसी आणि मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ही त्यांच्या नावाची.

त्यांचं घर बघता येतं का?

आता नाही. मलबार हिलवरचा ‘मेहरांगीर’ बंगला भाऊ जमशेद यांच्यानंतर एनसीपीए या कलासंस्थेकडे गेला, २०१४ मधे ३७२ कोटींना लिलावात विकला गेला आणि २०१६ मधे पाडला. म्युझियम करा अशी मागणी खूप जणांनी केली होती. मुलांना घेऊन एकदा बाहेरून तरी दाखवून आणू असं दरवर्षी म्हणत राहिले आणि राहूनच गेलं, त्याची रुखरुख अजून आहे.

कॉस्मिक रेज घरी बघता येतात?

येतात, आणि हे मोठ्यांनी सोबत बसून जरूर करा. माशांची छोटी काचेची टाकी घ्या. तळाला आतून जाड फेल्ट चिकटवून त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल मुरवा, खाली काळा कागद लावलेला पत्रा ठेवून टाकी त्यावर उलटी घाला, कडा नीट बंद करा आणि पत्र्याखाली ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, पसरा. ड्राय आइसला उघड्या हाताने हात लावायचा नाही, जाड हातमोजे घालायचे, खिडक्या उघड्या ठेवायच्या, जवळ गॅस किंवा मेणबत्ती अजिबात नको. लाइट बंद करून बाजूने टॉर्च मारा आणि दहा-पंधरा मिनिटं धीर धरा.

आधी नुसतं धुकं खाली झिरपताना दिसतं. मग अचानक एक पांढरी रेघ उमटते, धुक्यावर कोणी सुई ओढावी तशी, आणि दोन सेकंदांत विरते. वेड्यावाकड्या वळणाऱ्या रेघा बहुतेक हळू इलेक्ट्रॉनच्या, आखूड जाडसर असतात त्या अल्फा नावाच्या जड कणांच्या, आणि टोकापासून टोकापर्यंत सरळ सुळकन गेलेली दिसली तर तो बहुधा म्युऑन, पंधरा किलोमीटर वरून आलेला.

मागच्या वर्षी सहावीची एक मुलगी वहीत रेघा मोजत बसली होती, सरळ, वाकडी, जाड असे तीन कॉलम आखून. खाली तिची आई छत्री घेऊन उभी, दोनदा बेल वाजवून झाली. ड्राय आइस संपत आला होता, रेघा पुसट व्हायला लागल्या होत्या. मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला तर मान वर न करता म्हणाली, “टीचर थांबा ना, सरळवाली अजून एक येऊ दे.”